संत्र्याचा रंग

"बेटा, दोन मिनिटांचं काम आहे," असं काकाजी म्हणाले, तेव्हाच मी उठून फुटाळा तलावावर भुट्टा खायला जायला हवं होतं. पण समोर संत्रा बर्फीचा डबा उघडा होता आणि मी पडले फ्रीलान्स इलस्ट्रेटर. महिन्याची वीस तारीख उलटली की मला कुठलंही काम नाकारता येत नाही, आणि बर्फी तर कुठल्याच तारखेला नाही.

काकाजी मामांच्या ओळखीचे. इतवारीत मिठाईचं दुकान, काटोलकडे संत्र्याची बाग. दिवाळीच्या डब्यावर चित्र हवं होतं: एक संत्रं, दोन पानं. मी निम्मे पैसे आधी मागितले. "घरच्या माणसाले ॲडव्हान्स?" हे त्यांनी इतक्या दुखावलेल्या आवाजात विचारलं की मलाच त्यांना काहीतरी द्यावंसं वाटलं. शेवटी 2,000 रुपये मिळाले आणि वर पाव किलो बर्फी. 'दोन दुरुस्त्या मोफत' असं मी लिहून दिलं होतं. काकाजींनी 'दोन'वर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं, "दोन-चार."

पहिलं स्केच पाहून ते म्हणाले, "हे मोसंबी वाटून राहिलं."

आता हे खरं होतं. सप्टेंबरचा महिना, कॉटन मार्केटात संत्रं औषधालाही नव्हतं, म्हणून मी मोसंबीच समोर ठेवून काढलं होतं. जन्म नागपुरात गेला तरी संत्र्याला देठाशी जरा उंच मान असते आणि साल सैल, फुगीर असते, हे मी विसरले. लाजेनं पुन्हा काढलं. मान दिली, साल सैल केली.

"आता जमलं. पण म्हातारं दिसून राहिलं."

मग 'दिवाळी डबा' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. त्यात मी आणि त्यांच्या घरचे सात जण. काकूंना पानावर दवाचे थेंब हवे होते. सुनेला संत्र्यामागे दिवा हवा होता. पुण्यात शिकणारा भाचा फक्त 'मिनिमल' एवढंच लिहायचा, तेही रात्री दीड वाजता. माझ्याच चित्राचा स्क्रीनशॉट त्यावर लाल गोल मारून परत यायचा, आणि गोलात नेमकं काय चुकलंय हे गोल मारणाऱ्यालाही सांगता येत नसे. फाइलच्या नावात तीनदा 'फायनल' आलं तेव्हा काकाजींच्या मुलानं एआयकडून फुकट काढलेलं संत्रं ग्रुपवर टाकलं. चकचकीत, गुळगुळीत, देठाला गुलाबासारखं पान. माझ्या पोटात गोळा आला. काकाजींनी ते मोठं करून पाहिलं आणि लिहिलं, "याले सोलता नाही येणार."

त्या एका वाक्यासाठी मी त्यांना आणखी तीन दुरुस्त्या माफ केल्या.

राहिला रंग. काकाजींच्या मोबाइलचा ब्राइटनेस कायम पूर्ण, त्यात संत्रं निखाऱ्यासारखं पेटलेलं. मी आधीच सांगितलं होतं की मोबाइलमध्ये उजेड असतो, कागदावर शाई असते. प्रेसच्या चार शाया म्हणजे सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी. त्यांच्या मिश्रणातून इतका झगझगीत नारिंगी निघत नाही, तो मंदच येतो. तसाच हवा तर तयार नारिंगी शाई वेगळी लावावी लागेल, तिची प्लेट वेगळी.

"म्हणजे पाचवा रंग?"

"हो."

"म्हणजे पाचवा खर्च." विषय संपला.

ऑक्टोबरात प्रेसमध्ये प्रूफ निघालं. काकाजी बराच वेळ काही बोलले नाहीत.

"वीट काहून छापली?"

मी पुन्हा उजेड आणि शाई सुरू केलं. त्यांनी हातानंच थांबवलं आणि पोऱ्याला गाडीकडे पिटाळलं. आदल्या दिवशी बागेतून आंबिया बहाराची, म्हणजे या हंगामातल्या संत्र्यांची, पहिली तोड आली होती. "आता दाखवतो तुले, संत्रं कोणत्या रंगाचं असते!"

पोऱ्यानं संत्रं आणलं. काकाजींनी ते प्रूफशेजारी धरलं. थंडी अजून पडायची होती; थंडी नाही तर सालीला रंग नाही. संत्रं हिरवट पिवळं होतं, एका बाजूनं तर चक्क हिरवं. प्रेसवाले भाऊ एकदम पंख्याकडे बघायला लागले.

काकाजींनी संत्रं फिरवून पाहिलं. ट्यूबलाइटखाली नेलं. बाहीला पुसलं. मग पोऱ्याच्या हातात परत दिलं.

"हे ठेव गाडीत. हे बरोबर नाही आलं," ते म्हणाले, आणि खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. "बेटा, तू हे पाय."