गादीचं नंतर, आधी मालकीचं बोला

घरच्या धंद्याच्या पुढच्या पिढीबद्दल बोलायला कोणी बोलावलं की पहिल्या पाच मिनिटांत तो प्रश्न येतोच. "आमच्यानंतर गादीवर कोण?" थोरला की धाकटा, मुलगा की मुलगी, की सरळ बाहेरून सीईओ आणायचा? प्रश्न रास्तच आहे. पण मंडळी त्यात इतकी अडकतात की शेजारचा प्रश्न राहून जातो. तुमच्यानंतर मालक कोण कोण असणार, आणि मालक म्हणून काय करायचं असतं हे त्यांना कोणी शिकवलंय का?

साधा हिशेब करून बघा. धंदा काढणारा एकटा. त्याची तीन मुलं. त्या तिघांची मिळून सात-आठ. म्हणजे तिसऱ्या पिढीत शेअर सात-आठ नावांवर, आणि रोज ऑफिसात येणारे दोघं, फार तर तिघं. बाकीचे कोणी डॉक्टर, कोणी परदेशात नोकरीला, कोणाचा संसार दुसऱ्याच शहरात. येणाऱ्या दोघांवर आपण जीव तोडून मेहनत घेतो. चांगलं शिक्षण देतो, खालच्या पायरीपासून काम करायला लावतो, मोठ्या गिऱ्हाइकांशी ओळखी करून देतो. उरलेल्या पाच-सहा जणांना मात्र वर्षातून एकदा कागद जातात, पेन्सिलने फुली मारलेले. "फुली आहे तिथे तिथे सही कर." वीस वर्षं सह्या घ्यायच्या, आणि मग एखाद्याने हिशेब मागितला की म्हणायचं, "आता बरी आठवण झाली!"

एका बैठकीत मी बसलो होतो. घर कोणतं ते सांगत नाही. धंदा चालवणाऱ्या दादांच्या बहिणीने, म्हणजे ताईंनी, ताळेबंद पहिल्यांदाच नीट हातात घेतला होता. (ताळेबंद म्हणजे एका बाजूला पैसा कुठून आला, दुसऱ्या बाजूला तो कशात गुंतलाय, हे दाखवणारा कागद.) 'राखीव निधी' या ओळीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "दादा, एवढी रक्कम पडून आहे, आणि लाभांशाचं काढलं की तू म्हणतोस पैसे नाहीत?" दादांचा चेहरा तांबडालाल. बहिणीने चारचौघांत आपल्याला चोर ठरवलं, असंच त्यांना वाटलं. खरं तर तसं काहीच नव्हतं. राखीव निधी म्हणजे तिजोरीत ठेवलेली रोकड, असं बहुतेकांना वाटतं. तो वर्षानुवर्षं लाभांश म्हणून मालकांना न वाटलेला नफा असतो, आणि त्याची केव्हाच यंत्रं झालेली असतात, गोदामातला माल झालेला असतो, गिऱ्हाइकांकडची उधारी झालेली असते. बँकेत किती आहेत ते दुसऱ्या बाजूला, वेगळ्या ओळीत लिहिलेलं असतं.

मग अकाउंट्सच्या माणसाला बोलावलं आणि दोन्ही बाजू ओळीने वाचून घेतल्या. तासभर गेला. ताईंचा पुढचा प्रश्न होता, "उधारी गेल्या वर्षीपेक्षा इतकी का वाढलीय? वसुली कोण बघतं?" दादा क्षणभर गप्प, मग म्हणाले, "हेच मी सहा महिने डोकं फोडून विचारतोय!" तासाभरापूर्वी जो आरोप होता त्याचा मालकाने विचारायचा प्रश्न झाला, आणि त्यासाठी लागलं काय, तर ताळेबंद वाचायला शिकवणं.

या विषयाचं शास्त्र फार जुनं नाही. १९७८ साली हार्वर्डमध्ये रेनातो ताग्युरी आणि जॉन डेव्हिस यांनी एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळं काढली: कुटुंब, मालकी आणि धंदा. कोणी एका वर्तुळात, कोणी दोन, कोणी तिन्हीत. अशा मिळून सात जागा होतात आणि प्रत्येक जागेवरून धंदा वेगळा दिसतो. तिन्हीत बसलेल्या दादांना नफा परत धंद्यात घालावासा वाटतो, कामावर नसलेल्या भावंडाला लाभांश हवा असतो. दोघांचंही बरोबर आहे. पंचाईत अशी, की घरात याला 'स्वभाव' म्हणतात. "तो पहिल्यापासून हावरटच." अहो, तो हावरट नाही, तो दुसऱ्या वर्तुळात बसलाय.

सगळ्यात जास्त कटुता कुठे साठते म्हणाल, तर पगार आणि लाभांश यांची खिचडी होते तिथे. पगार कामाचा, लाभांश मालकीचा. ऐकायला बाळबोध वाटतं. प्रत्यक्षात भावाला 'घर चालायला' म्हणून रक्कम जाते, ती ना धड पगार असते ना लाभांश. कंपनीत असलेल्याचा पगार 'घरचाच माणूस' म्हणून कमी धरलेला, त्याची भरपाई गाडी आणि ड्रायव्हरने. बाहेरच्याला गाडी दिसते, आतल्याला कमी पगार दिसतो, आणि दोघांनाही आपण फसलो असं वाटतं. यावर उपाय रुक्ष आहे. त्या पदाला बाहेरचा माणूस नेमला असता तर काय दिलं असतं तेवढा पगार, लेखी. सवलती त्याच कागदावर. लाभांश किती वाटायचा त्याचं धोरण आधी ठरलेलं, आणि ते सगळ्या मालकांना माहीत.

'तिसऱ्या पिढीत धंदा बुडतो' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. त्यामागचे आकडे बहुतेक वेळा जॉन वॉर्ड यांच्या १९८७ सालच्या अभ्यासातले असतात. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातले सुमारे २०० कारखाने त्यांनी तपासले, आणि तिसरी पिढी संपेपर्यंत त्याच घराकडे राहिलेले निघाले १३ टक्के. पण चांगली किंमत घेऊन विकलेली कंपनीसुद्धा उरलेल्या ८७ टक्क्यांतच येते. विकणं म्हणजे बुडणं नव्हे. हा आकडा दाखवून घाबरवणाऱ्या सल्लागारांपासून जरा लांबच राहा. (मीही त्याच जातकुळीतला, तरी सांगतोय.)

धंदा घराकडे ठेवायचाच असेल तर जर्मनीतलं मर्क घराणं बघा. १६६८ साली डार्मश्टाटमधल्या एका औषधाच्या दुकानापासून सुरुवात झाली. आज कंपनी शेअर बाजारात आहे, कारभार घराबाहेरच्या लोकांकडे आहे, आणि सुमारे ७० टक्के मालकी अजून कुटुंबाकडे. कुटुंबाची स्वतःची मंडळं आहेत, आणि कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळात बाहेरची जाणती माणसंही बसतात. घराचं काम मालकी सांभाळणं, हे तिथे स्पष्ट आहे.

उलटं टोक फ्रँकफर्टचं. रोथशील्ड या सावकारी-बँकिंगच्या घराण्याचे मूळ पुरुष मायर आम्शेल रोथशील्ड १८१२ साली वारले. मुली, जावई आणि त्यांचे वारस यांना धंद्यात वाटा नाही आणि वह्या तपासायचा हक्कही नाही, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. त्यांचं घराणं पुढे भरभराटीला आलं हे खरं. पण आज बहुतेक ठिकाणी मुलीच्या नावावर शेअर असतात, आणि वागवणूक मात्र १८१२ चीच.

सुना-जावयांना बैठकीत घ्यावं का, यावर घराघरांत वाद होतात. माझं मत: मतदानात नको, शिकण्यात हवेत. ताळेबंद वाचायचा दिवस असेल तर सगळ्यांनी बसावं. बैठकीत नसलेल्या सुनेला बैठकीची बातमी रात्री कळतेच, फक्त एका बाजूची कळते. आणि उद्या तिचीच मुलं मालक होणार आहेत.

शिकायची दुसरी जागा म्हणजे दुसरी घराणी. 'हेनोकियन' ही संघटना १९८१ पासून आहे. कंपनी किमान २०० वर्षांची आणि अजून संस्थापकाच्या वंशजांकडे असल्याशिवाय तिथे सभासदत्व मिळत नाही. तेवढं जुनं असायची गरज नाही. एकमेकांशी स्पर्धा नसलेली चार-पाच घरं वर्षातून दोनदा भेटली, बोललेलं तिथेच ठेवलं, तरी खूप होतं. काका निवृत्त झाले तरी कॅशियर प्रत्येक चेकसाठी त्यांनाच फोन करतो, ही तक्रार दुसऱ्या घरातही आहे हे कळलं की निम्मा राग तिथेच उतरतो. उरलेल्या निम्म्यासाठी बँकेतला सहीचा अधिकार बदलावा लागतो.

कुटुंबाची घटना, म्हणजे देशाच्या राज्यघटनेसारखी घराच्या लेखी नियमांची वही, लिहायची फॅशन आहे सध्या. कल्पना नवी नाही, जपानच्या मित्सुई घराण्याने १७२२ मध्येच घराचे नियम लिहून काढले होते. पण हल्ली दुसऱ्याची घटना आणायची, नावं बदलायची, चामडी बाइंडिंग करायचं आणि कपाटात ठेवायची, असं चालतं. शिवाय नुसत्या घटनेला सहसा कायद्याचं बळ नसतं. जे पाळलं गेलंच पाहिजे ते भागधारक करारात आणि कंपनीच्या नियमावलीत उतरवावं लागतं.

मी एकच कलम आधी लिहायला सांगतो, बाहेर पडायचं. एखाद्याला शेअर विकायचे असतील तर आधी कोणाला विचारायचं, किंमत कशी काढायची, पैसे किती हप्त्यांत द्यायचे. हे भांडण नसतानाच लिहा, कारण तेव्हा आपण विकणारे असू की घेणारे हे कोणालाच माहीत नसतं. किंमत काढायला बाहेरचा मूल्यांकक नेमा, सूत्र दर तीन वर्षांनी तपासा, आणि त्या दिवशी ऑफिसात न येणाऱ्या भावंडांनाही बोलवा.