मधल्या धारेची आहे ना?

‘लघवीत रक्तवाले कोण?’ लॅबच्या काउंटरवरून ताईंनी विचारलं आणि बाकावरची सगळी डोकी मोबाईलमधून वर आली. कागदावर माझं नाव होतं, आडनाव होतं. मी डबी लपवत पुढे झालो. ‘मधल्या धारेची आहे ना?’ हेही तितक्याच खणखणीत आवाजात. उत्तराची वाट ताईंपेक्षा बाकावरचे जास्त बघत होते.

लघवी कोकम सरबतासारखी झाली, म्हणून डॉक्टरांकडे गेलो होतो. बीट खाल्लंत का, टीबीवरचं रिफाम्पिसिन हे औषध चालू आहे का, हे त्यांनी आधीच विचारून घेतलं. दोन्हींनी रंग बदलतो म्हणे. दोन्ही नव्हतं.

शेजारच्या काकांनी पेपरची घडी घातली. ‘स्टोन!’ मग पाकीट उघडून, नातवाच्या फोटोमागून, एक प्लास्टिकची पुडी काढली. आत तपकिरी, काटेरी खडा. ‘सहा एमएम. आपोआप पडला. धरा.’

नाही कसं म्हणणार? एका हातात स्वतःची डबी, दुसऱ्या हातात परक्या माणसाचा मुतखडा.

‘कुळथाचं कढण घ्या. पानफुटीचं पान, अनशापोटी. शहाळं. आणि...’ इथे आवाज खाली आला, ‘बिअर.’ म्हणजे या खोलीत आवाज खाली आणता येत होता! समोरच्या मावशींनी तेवढ्यात ‘उष्णता’ ठरवून सब्जाही सांगून टाकला.

‘दुखतंय का?’

‘नाही.’

‘मग सोडा हो!’

इथे मात्र माझं डोकं फिरलं. डॉक्टर नेमकं उलटं सांगत होते. खड्याची कळ पाठीतून जांघेत उतरते, जंतुसंसर्गात जळजळ होते; काहीच न दुखता रक्त दिसलं, तर मूत्राशयाचा कर्करोग नाही ना हे बघावंच लागतं, सिगारेट ओढणाऱ्यांनी तर आधी. एकदाच दिसून थांबलं तरीही. आणि लोक नेमके तेव्हाच सब्जा भिजत घालतात! त्यात असं चारचौघांत पुकारलं, तर माणूस दुसऱ्यांदा लॅबची पायरी चढेल कशाला? बायका तर नाहीच.

सूक्ष्मदर्शकाखाली एका क्षेत्रात ३ तांबड्या पेशी दिसल्या तरी पुढे तपासतात. माझ्या रिपोर्टवर ‘असंख्य’ लिहून आलंय. सोनोग्राफीत खडाबिडा काही नाही, आता दुर्बिणीने मूत्राशय तपासायची तारीख मिळाली आहे.

काकांनी नंबर घेतलाच होता. रोज सकाळी गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात येतं आणि खाली प्रश्न : ‘पडला का?’