चिमणी ठेवली, गिरणी गेली

गिरणगावात एखादी गिरणी पाडायची ठरली की टॉवरच्या आराखड्यात एका कोपऱ्यात चिमणी राखून ठेवतात, तिच्यावर रात्री पिवळे दिवे सोडतात आणि 'वारसा जपला' म्हणून मोकळे होतात. लोअर परळला फिनिक्सची चिमणी अशीच मॉलच्या आवारात उभी आहे. राहिली हे चांगलंच झालं. पण गिरणीत चिमणीइतका मुका भाग दुसरा नाही. बॉयलरच्या भट्टीला ओढ द्यायची आणि धूर वर सोडायचा, एवढंच तिचं काम. १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईला यायला लागली तशी एकेका गिरणीतली वाफेची इंजिनं थांबली. बॉयलर उरला तो सुताला द्यायची खळ शिजवायला आणि रंगाईला.

जपायचा असतो तो कामाचा क्रम. कापसाची गाठ एका दारातून आत येते, कापडाचा ताका दुसऱ्या दारातून बाहेर पडतो आणि मधली प्रत्येक भिंत त्या हिशोबाने उभी असते. गाठ फोडून रुई साफ करायची ब्लो रूम वेगळी, जाड भिंतींची, कारण गाठीत चुकून आलेल्या खिळ्याची ठिणगी रुईत पडली की आग क्षणात पसरते. मग कार्डिंग (रुई विंचरणं), ड्रॉइंग (पेळू एकसारखा करणं), स्पीड फ्रेम (पेळू बारीक करणं), रिंग खातं (सूत कातणं), पुढे वाइंडिंग (सूत गुंडाळणं), वार्पिंग (ताणा, म्हणजे उभे धागे लावणं), सायझिंग (ताण्याला खळ देणं) आणि शेवटी माग. कताई चार मजली इमारतीत चालते, माग मात्र शक्यतो जमिनीवरच. साध्या मागाचा, आडवा धागा घेऊन पळणारा धोटा मिनिटाला पावणेदोनशे-दोनशे फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीला पेटीत आपटतो. असे पाचशे माग वरच्या मजल्यावर ठेवले तर इमारत थरथरते. म्हणूनच चार मजली कताईच्या शेजारी एकमजली, पसरट माग खातं दिसतं. त्यातलं एक पाडून दुसरं ठेवलं तर पुढच्याला काहीही वाचता येत नाही.

त्या पसरट शेडचं छत करवतीच्या दात्यांसारखं असतं. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि ती उत्तरेकडे. थेट ऊन आत येत नाही, दिवसभर सारखा उजेड मिळतो, तुटलेला धागा लगेच दिसतो. दोन दात्यांच्या मधे पन्हाळ. पन्हाळीतलं पाणी बऱ्याच ठिकाणी बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) पोकळ खांबातून खाली जमिनीतल्या गटारात जातं, म्हणजे खांबच पावसाळी पाइप. हे ठाऊक नसलेला कंत्राटदार नूतनीकरणात आधी काय करतो? जुन्या फरशीवर सहा इंच काँक्रीट ओततो. खांबाचं खालचं तोंड बंद होतं, पहिल्याच पावसाळ्यात पाणी खांबात तुंबतं, बीड आतून गंजतं आणि वर पन्हाळ उतू जाऊन सागवानी तुळईची टोकं कुजायला लागतात. मग अहवाल येतो : 'इमारत धोकादायक'. इमारत धोकादायक नव्हती, तिचं गटार बुजवलं होतं.

बीड दाब सोसतं, ताण नाही. अशा खांबाला एसीच्या डक्टसाठी भोकं पाडायची नाहीत, ब्रॅकेट वेल्ड तर मुळीच करायची नाही. वेल्डच्या शेजारीच तडा जातो. दोन अर्धवर्तुळं बोल्टने आवळून पट्टा बसवायचा, मधे रबर. खर्च किरकोळ, खांब शाबूत.

भिंती चुन्याच्या. त्यांना सिमेंटचा गिलावा म्हणजे रेनकोट घालून घाम येणं. आतली ओल बाहेर पडत नाही, क्षार विटेच्या तोंडाशी जमतात आणि वीट पापुद्र्यांनी सुटते. दरजा भरताना सांध्याच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोल खरवडायचं, तेही हाताने. ग्राइंडर मारला की विटेच्या कडा जातात. भिजवलेला चुना एक भाग, वाळू तीन भाग, हवी तर थोडी सुरखी (विटेची भुकटी). नंतर दोन आठवडे गोणपाट ओलं ठेवायचं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा हंगाम. मे महिन्यात घाईने उरकलेलं काम जुलैत धुऊन जातं.

पिंपळ उपटायचा नाही. मुळं सांध्यात हातभर आत गेलेली असतात, खेचलं की विटांसकट येतात. बुंधा कापा, ताज्या कापावर मूळ मारणारं औषध भरा, मूळ पूर्ण वाळेपर्यंत थांबा, मग मोकळं करून पोकळीत चुन्याचं ग्राउट घाला. चिमणीवर पिंपळ जास्त फोफावतो, कारण भट्टी बंद झाल्यापासून ती आतून कोरडी होतच नाही. धुरातला गंधक आणि पावसाच्या माऱ्याची ओल मिळून सांध्यातला चुना फुगतो. जी बाजू जास्त भिजते ती फुगून लांबते आणि चिमणी दुसऱ्या बाजूला झुकते. दिवे सोडण्याआधी एकदा ओळंबा सोडून बघायला काय हरकत आहे?

आता यंत्रं. ती भंगारात वजनावर गेली. प्लॅट ब्रदर्स, डॉब्सन अँड बार्लो, हॉवर्ड अँड बुलो ही नावं बाजूच्या बिडाच्या चौकटीत ओतलेली असत, तीही वितळली. जे थोडे माग उरतात त्यांना चंदेरी रंग फासून प्रवेशद्वारापाशी ठेवतात. धोटा नाही, त्यातली सुताची कांडी नाही, ताण्याचे धागे उचलणाऱ्या वह्या आणि ओळीत राखणाऱ्या फण्या नाहीत, धोटा फेकणाऱ्या पिकिंग स्टिकवरचं चामडं नाही. तो माग नव्हे, लोखंडाचा पाळणा. सँडब्लास्टिंगही नको. रॉकेलच्या बोळ्याने जुनं ग्रीस काढा, पितळी ब्रशने हलका गंज काढा आणि मेणाचा हात द्या.

धोटा एकदा हातात घेऊन बघा. फूटभराहून थोडा लांब, कठीण लाकडाचा, दोन्ही टोकांना पोलादी टोपणं, पोटात कांडी, बाजूला चिनी मातीचं बारीक छिद्र. कांडी संपली की नवी घालून तिचा धागा त्या छिद्रातून बाहेर काढायचा असे. विणकर छिद्राला तोंड लावून तो ओढून घेत. तुटलेलं सूत सांधतानाही थुंकी लागायची. मुंबईत नेमकं हेच कारण पुढे करून अस्पृश्य कामगारांना जास्त पगाराच्या माग खात्यात शिरू दिलं जात नव्हतं. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. हाच धोटा आज शोभेच्या दुकानात मेणबत्तीचा स्टँड म्हणून विकला जातो.

शेडवर कुऱ्हाड पडली त्याचं कारण मात्र गंज नव्हे, नियम. ५८ गिरण्या, सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे जमिनीची वाटणी ठरली : ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ च्या दुरुस्तीत वाटणीला फक्त आधीपासून मोकळी असलेली जमीन उरली. शेड पाडून निघालेल्या जागेत वाटा द्यायचा नाही आणि तेवढंच बांधकाम नव्याने करता येतं. शेड टिकवण्यात मालकाला काय मिळणार? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली आणि पाडकामाला वेग आला.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या आवारात महापालिकेने वस्त्रसंग्रहालयाचं काम हाती घेतलं. तिथे तळं आहे, शेड आहेत, म्हणजे क्रम दाखवायला जागा आहे. मागणी एवढीच : गाठीपासून ताक्यापर्यंत प्रत्येक खात्याचं एक तरी यंत्र, आणि एक माग चालता. चालता माग एसी हॉलमध्ये ठेवू नका. मागाला ७५ ते ८० टक्के दमट हवा लागते; कोरड्या हवेत ताण्याचे धागे तटातट तुटतात. धोटा उडू नये म्हणून पुढे गार्ड हवा, आणि प्रेक्षक मागाच्या टोकाला नकोत, समोर हवेत. पिकिंगची वेळ जराशी चुकली तरी धोटा मिटत्या ताण्यात अडकतो आणि शेकडो धागे एका दणक्यात तोडतो.

ती वेळ कानाने ओळखणारा जॉबर, म्हणजे माग लावून देणारा मुकादम, अजून लालबाग-परळच्या चाळींत सापडतो. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा जो विशीत होता, तो आज साठीच्या पार पुढे आहे. त्याच्यासमोर कॅमेरा लावाल तेव्हा आठवणी विचारत बसू नका. माग द्या, पाना द्या आणि कॅमेरा हातांवर ठेवा.