“सेकंड हँड गाडी म्हणजे विकतचं दुखणं”? साडूभाऊंच्या फॉरवर्डला उत्तर

भाच्याला पुण्यात नोकरी लागली. बजेट तीन लाख. त्याला हवी होती अ‍ॅव्हरेज देणारी छोटी पेट्रोल गाडी, म्हणजे अर्थातच सेकंड हँड. तसं त्याने घरच्या ग्रुपवर लिहिलं आणि पंधरा मिनिटांत आमच्या साडूभाऊंचा फॉरवर्ड येऊन पडला: “जुनी गाडी घेणाऱ्यांनो सावधान!!!” खाली सही, “एका अनुभवी एजंटचे मनोगत”. त्याच आठवड्यात तोच मजकूर मला आणखी तीन ठिकाणांहून आला. तुमच्याकडेही आला असणार.

नसेल आला तर सार असं. प्रत्येक जुन्या गाडीचा मीटर मागे फिरवलेलाच असतो. पाच वर्षांनी अ‍ॅव्हरेज निम्म्यावर येतं. घ्यायचीच तर डिझेल घ्या. घाट उतरताना न्यूट्रल करा, पेट्रोल वाचतं. ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं इंजिन वर्षभरात बाद होतं. पंधरा वर्षं झाली की सरकार गाडी भंगारात काढतं. विमा गाडीबरोबर आपोआप येतो, त्याची चिंता नको. शेवटी शेपूट म्हणून टायरमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरा, आणि पेट्रोल पहाटे भरा, थंडीत जास्त मिळतं.

मी मेकॅनिक नाही. माझ्याकडे 2012 ची अल्टो के10 आहे, 2017 मध्ये पहिल्या मालकाकडून घेतलेली, आणि एक वही आहे, जिच्यात दर टाकीला किलोमीटर आणि लिटर लिहिलेले आहेत. त्या वहीच्या जोरावर बोलतो.

“मीटर फिरवलेलाच असतो.” फिरवतात, यात वाद नाही. डिजिटल मीटर आले म्हणून ते थांबलं नाही, उलट काम सोपं झालं. माझी तक्रार आहे ती ‘फिरवलेलाच’मधल्या ‘च’बद्दल. तो ‘च’ डोक्यात बसला की माणूस तपासायचंच सोडून देतो. आकडा फिरवता येतो, पण गाडीची झीज कोणी फिरवत बसत नाही.

हडपसरला आम्ही एक 2015 ची सेलेरिओ बघायला गेलो. मीटरवर 41 हजार. बाहेरून पॉलिश, आत अत्तराचा घमघमाट. मी खाली बसून टायर वाचले. टायरच्या बाजूला ‘डीओटी’ अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायरांवर 4218. म्हणजे 2018 सालचा बेचाळिसावा आठवडा. डिकीतली स्टेपनी मात्र 2015 चीच. याचा अर्थ कंपनीचे टायर तीन वर्षांत संपले होते, आणि नंतर घातलेल्यांचीही नक्षी आता गुळगुळीत झाली होती. छोट्या गाडीचा एक संच नीट वापरला तर चाळीस हजार सहज जातो. मग 41 हजारांत दोन संच कसे झिजले? क्लचच्या पेडलचं रबर एका कडेने इतकं घासलेलं की खालचं लोखंड दिसत होतं. विकणाऱ्याला दाखवलं तर म्हणाला, “साहेब, मॅडम चालवायच्या, हिल्स घालून.” आम्ही चहा पिऊन निघालो.

याहून पक्का पुरावा म्हणजे सर्व्हिसचा इतिहास. मालकाला बरोबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलं की गाडी कधी, किती किलोमीटरला आली होती ते निघतं. मालक यायला टाळाटाळ करू लागला, तर तेही उत्तरच.

मीटरच्या नादात लोक एक भलतीच गोष्ट विसरतात, ती म्हणजे पाणी. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर आणि 2021 मध्ये चिपळूण पुरात गेलं. त्या पाण्यात उभ्या असलेल्या सगळ्या गाड्या भंगारात गेल्या, असं समजू नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. पुसणारा वरचा हातभर पट्टा पुसतो, आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ तशीच राहते. सीट ज्या रुळांवर सरकते त्यांचे बोल्ट आणि स्टेपनीखालचा खड्डाही गंजासाठी बघा. मीटर फिरवलेली गाडी घेतलीत तर पैसे जास्त जातात. पुरातली घेतलीत तर ती वायरिंगपायी दर पावसाळ्यात रडवते.

“पाच वर्षांनी अ‍ॅव्हरेज निम्मं.” निम्मं कशाच्या? जाहिरातीतल्या आकड्याच्या? तो आकडा एआरएआयसारख्या संस्थेच्या चाचणीतून येतो. एआरएआय म्हणजे आपल्या कोथरूडची, वेताळ टेकडीवरची. तिथे गाडी रोलरवर ठरलेल्या चक्रात पळवतात, एसी बंद, वेग ताशी 90 च्या वर नाही. चढ नाही, खड्डा नाही, चांदणी चौक नाही. तो आकडा नव्या गाडीलाही रस्त्यावर मिळत नाही. मग जुनीला मिळाला नाही म्हणून वयाला दोष का द्यायचा?

माझ्या वहीत 2017 चं अ‍ॅव्हरेज 17 च्या आसपास आहे. आजचं 16 च्या जवळ. मध्ये एकदा मात्र खरंच 12 वर आलं होतं, आणि इंजिनचं काम काढावं लागणार म्हणून माझ्या पोटात गोळा आला होता. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलंसुद्धा नाही. म्हणाला, “एक चक्कर मारून या, ब्रेक कमीत कमी लावा.” आलो तर त्याने चारही चाकांच्या रिमना हात लावला. तीन कोमट, पुढचं उजवं चटका बसेल इतकं गरम. ब्रेकचा कॅलिपर अडकला होता आणि गाडी महिनाभर ब्रेक लावूनच धावत होती. पिना साफ करून ग्रीस लावलं, की पुढच्या टाकीला आकडा पुन्हा 16 वर.

पेट्रोल पिणारी जुनी गाडी बहुतेक वेळा अशाच कारणांनी पिते: अडकलेला ब्रेक, कमी हवा, चोंदलेला एअर फिल्टर, मेलेला ऑक्सिजन सेन्सर, उघडा अडकलेला थर्मोस्टॅट. या शेवटच्यात इंजिन नीट तापतच नाही आणि पेट्रोल जास्त जात राहतं. आणि जाड ऑइल! “जुनी झालीय, जरा घट्ट ऑइल टाकू” हा सल्ला तुम्हालाही मिळेल. पुस्तिकेत जो ग्रेड आहे तोच टाका, आणि तिथल्याच हिशोबाने बदला. बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांना तो 10,000 किलोमीटर किंवा 1 वर्ष, जे आधी होईल ते. गाडी कमी फिरते म्हणून वर्षाचा हिशोब सोडणारेच जास्त भेटतात.

टायमिंग बेल्टचंही (इंजिनचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) इथेच सांगून टाकतो. माझ्या के10 ला बेल्टऐवजी चेन आहे. अल्टो 800 च्या इंजिनला बेल्ट आहे. बेल्टवाली गाडी घेताना तो कधी बदलला ते विचारा, आणि मालक आठवू लागला तर बदलायचे पैसे किमतीतून कापून घ्या.

“घ्यायचीच तर डिझेल.” भाच्याचं ऑफिस घरापासून नऊ किलोमीटर. गावी येणं-जाणं धरून वर्षाला आठ हजार किलोमीटर. पेट्रोल गाडी 17 देते असं धरा, लिटर 104 रुपये: वर्षाचा खर्च साधारण 49 हजार. डिझेल 21 देते, लिटर 91 रुपये: साधारण 35 हजार. बचत वर्षाला चौदा हजार. ऐकायला बरी वाटते. पण मारुतीने एप्रिल 2020 मध्ये, बीएस6 हे प्रदूषणाचे नवे नियम लागू होताना, डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. तेव्हा बाजारात मिळणारी जुनी डिझेल स्विफ्ट किंवा रिट्झ चांगली पळून आलेली असते. कोणी नऊ किलोमीटरसाठी डिझेल घेतली नव्हती. इंजेक्टर आणि टर्बोचं बिल एकदा आलं की दोन-तीन वर्षांची बचत गेली. रोज सातारा-पुणे करणाऱ्याने डिझेलचा विचार जरूर करावा. साडूभाऊ स्वतः रोज शंभर किलोमीटर करतात, त्यांचं बरोबर आहे, पण ते त्यांच्यापुरतं.

सीएनजीचा फॉरवर्डमध्ये उल्लेखच नाही, याचं नवल वाटलं. घेणार असाल तर कंपनीतून बसवून आलेली घ्या, आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, सीएनजीची नोंद बघा आणि टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झालीय का ते विचारा. बाहेरून किट बसवलंय आणि आरसीवर फक्त ‘पेट्रोल’ लिहिलंय, अशी गाडी फुकट मिळाली तरी नको.

“घाटात न्यूट्रल.” हा मुद्दा वाचून मी साडूभाऊंना थेट फोन केला. कार्ब्युरेटरच्या मारुती 800 च्या काळात या बोलण्याला थोडाफार अर्थ होता. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत उलटं होतं. गाडी गिअरमध्ये आहे, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलाय आणि चाकंच इंजिनला फिरवतायत, अशा वेळी इंजेक्टर पेट्रोल सोडणं बंद करतात. न्यूट्रल केलं की इंजिनला स्वतःच्या जिवावर चालू राहावं लागतं, म्हणजे पेट्रोल लागतंच. वाचत काही नाही, वर इंजिनाचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. महाबळेश्वरहून आंबेनळीने पोलादपूरला न्यूट्रलमध्ये उतरून बघितलेल्यांना तापलेल्या ब्रेकचा वास माहीत असेल. पेडल मऊ पडायला लागलं की पुढचं वळण फार लवकर येतं.

“ई20 ने इंजिन वर्षात बाद.” इथे घाबरवणारे आणि ‘काहीच होत नाही’ म्हणणारे, दोघेही मला पटत नाहीत. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी असते. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं म्हणजे लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातही ई10 साठी जुळवलेल्या चारचाकींना सहा ते सात टक्के घट येईल, असंच म्हटलं होतं. माझ्या वहीतला 17 चा 16 याच मापात बसतो. वीस-पंचवीस टक्के पडल्याचं कोणी सांगितलं, तर त्याला आधी रिम चाचपायला सांगा.

खरी काळजी आहे ती रबराची. एप्रिल 2023 पूर्वीच्या बहुतेक गाड्यांचे पेट्रोल होज आणि सील ई20 डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले नव्हते. म्हणून जुनी गाडी घेतली की इंधनाचे पाइप एकदा गॅरेजमध्ये बघून घ्यावेत, तडे दिसले तर बदलावेत, आणि उभ्या गाडीला पेट्रोलचा वास येत असेल तर ‘बघू नंतर’ म्हणू नये. महिनोन् महिने गाडी उभी ठेवू नये, इथेनॉल ओलावा ओढतं. हे सगळं मिळूनही इंजिनच्या किमतीच्या जवळपास जात नाही.

“पंधरा वर्षांनी भंगार.” ही दिल्लीची हवा. तिथे हरित लवादाच्या आदेशांवरून दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार आली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि बातमी देशभर ‘सगळ्यांना लागू’ म्हणून फिरली. महाराष्ट्रात खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे आरटीओत गाडी तपासून, पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षं वाढवता येते. फी मात्र एप्रिल 2022 पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेली आहे. तेव्हा 2011-12 ची गाडी घेताना हा खर्च किंमत ठरवतानाच बोलून घ्या.

“विमा आपोआप येतो.” सगळ्यात साधं वाटणारं आणि सगळ्यात घातक वाक्य. आपोआप पुढे जातो तो फक्त थर्ड पार्टी भाग, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीचा. तुमच्या गाडीच्या नुकसानीचा भाग चालू राहायला चौदा दिवसांत पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. विकणारा “पन्नास टक्के नो क्लेम बोनस आहे” असं कौतुकाने सांगेल. तो बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याचा आहे, गाडीचा नाही. तुमच्याकडे येणार नाही.

आणि विम्याआधी आरसी. मालकी बदलायला फॉर्म 29 आणि 30, गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याच्या बँकेच्या पत्रासह फॉर्म 35, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म 28 ची एनओसी (ना हरकत पत्र). विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा. माझ्या एका मित्राने गाडी विकली, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या आणि विसरला. दीड वर्ष त्याच्या मोबाइलवर कुठल्या कुठल्या सिग्नलची ई-चलनं येत होती. त्यावर भागलं हे नशीब. 2018 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की गाडी किती का हात फिरलेली असेना, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे. एजंटच्या मनोगतात नेमकं हेच नसावं, याची गंमत वाटते.

नायट्रोजन? साध्या हवेत तो 78 टक्के असतोच. दर पंधरा दिवसांनी गाडी थंड असताना हवा तपासा, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला आहे. पहाटेचं पेट्रोल? पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिला सकाळ-दुपार फारशी कळत नाही.

भाच्याने शेवटी 2018 ची के10 घेतली, एका निवृत्त शिक्षकांकडून. सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या तारखेनुसार पंच करून ठेवलेल्या, मागचे टायर बदललेले आणि त्यांचंही बिल फाइलमध्ये. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर पाना लागल्याची खूण नाही, म्हणजे अपघातानंतर बॉनेट काढल्याचं दिसत नव्हतं. आरसी नावावर झाल्याची पावती त्याने परवा ग्रुपवर टाकली. खाली साडूभाऊंचा अंगठा आला आणि पाठोपाठ नवा फॉरवर्ड: “उन्हाळ्यात टाकी फुल करू नका, स्फोट होतो!!!” भाचा तेव्हा पंपावरच होता. पंपाचं नोझल आपोआप बंद होईपर्यंत त्याने टाकी भरून घेतली आणि नव्या वहीत पहिला आकडा लिहिला: 46,218.