अडत अडते तेव्हा

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघत असताना बिलाचा संगणक बंद पडणे म्हणजे काय असते, हे ज्याने भोगलेले नाही त्याने मला धीर देण्याच्या फंदात पडू नये. तिथल्या एका अडत दुकानाचा हिशेब मी पोस्टग्रेस या डेटाबेसवर बसवून दिला आहे आणि त्यात ‘अडत’ नावाचे एक पापभीरू फंक्शन, म्हणजे नाव घेतले की ठरलेला हिशेब करून देणारा छोटा प्रोग्राम होता: रक्कम द्यावी, अडत (दुकानाचे कमिशन) घ्यावी. एका संध्याकाळी मालक म्हणाले, “काही गिऱ्हाइकांना दर वेगळा असतोय, तेवढी सोय करा की.” मी दर हा दुसरा पॅरामीटर, म्हणजे फंक्शनला पुरवायची दुसरी माहिती, जोडला आणि नेहमीचा दर त्याला डीफॉल्ट, म्हणजे काही न सांगितल्यास धरायचा, म्हणून दिला. मटणाचे ताट सांगितले की तांबडा-पांढरा न सांगता येतो, तसा हा दर यावा, एवढीच माझी अपेक्षा होती; आणि 2009 च्या 8.4 आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये ही सोय आहेही. ‘क्रिएट ऑर रिप्लेस’, म्हणजे असेल तर बदल, नसेल तर नवे कर, अशी आज्ञा दिली, यंत्राने मुकाट्याने मान डोलावली आणि मी निर्धास्त झोपलो.

सकाळी दिवाणजींचा फोन आला. “सर, ह्ये मशीन म्हणतंय, अडत एकटी न्हाई. दुसरी कुठनं आली?”

दुसरी मीच आणली होती. पोस्टग्रेस फंक्शनला नुसत्या नावाने ओळखत नाही, तर नाव आणि पॅरामीटरांचे प्रकार (आकडा, मजकूर वगैरे) मिळून ओळखते, आणि डीफॉल्ट त्या ओळखीत मोजलाच जात नाही. त्यामुळे एका पॅरामीटरची जुनी अडत आणि दोन पॅरामीटरांची नवी अडत या त्याच्या लेखी दोन वेगळ्या बायका ठरल्या, आणि बदलण्याजोगे काहीच न सापडल्याने त्याने नवी शेजारी नांदायला आणली. याला ओव्हरलोडिंग म्हणतात. आता दुकानातून फक्त रक्कम गेली की दोघीही ‘ओ’ देत होत्या. आमच्याकडे ‘भावा’ ही एकच हाक रिक्षावाल्यापासून बँकेच्या साहेबापर्यंत चालते आणि ती कोणाला मारली हे नजरेवरून कळते. डेटाबेसला नजर नसते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये साठवलेल्या फंक्शनांना ओव्हरलोडिंगही नाही आणि डीफॉल्टही नाही, या दारिद्र्याचा त्या क्षणी मला मनापासून हेवा वाटला.

जुनीला निरोप द्यावा म्हणून घाईघाईने ‘ड्रॉप फंक्शन अडत’ एवढेच लिहिले, तर नाव एकमेव नाही, हे पुन्हा ऐकावे लागले. दहाव्या आवृत्तीपासून नुसत्या नावावर भागते खरे, पण ते नाव एकाचेच असेल तर. शेवटी कंसात एकाच पॅरामीटरचा प्रकार नीट लिहिला, तेव्हा कुठे ती गेली.

तोवर दिवाणजींनी लाल वही उघडून सतरा बिले हाताने फाडली होती. मी दुकानात पोहोचलो, तेव्हा ते म्हणाले, “झालं न्हवं? मग आता त्यात हमाली बी घाला की.”