आत्या, तो साका होता, इंजेक्शन नव्हे

शुक्रवारी रात्री साडेदहाला डोंबिवलीहून आत्याचा फोन. आवाज असा की मी आधी घरातल्या सगळ्यांची खुशाली विचारून घेतली. "अरे, तुझ्या भावाने पाठवलेले आंबे इंजेक्शनचे निघाले. सगळी पेटी खाली ओल्या कचऱ्यात टाकून आले."

चार डझनांची पेटी. आत्याने कापले तीन. त्यातल्या एकात बाठ्याला लागून पांढुरका भाग निघाला. हापूसमधल्या या खराबीलाच साका म्हणतात. उरलेले पंचेचाळीस न कापताच गेले. भाऊ म्हणजे माझा चुलतभाऊ. राजापूर तालुक्यात त्याची कलमं आहेत. आणि ही पेटी विकलेली नव्हती, आत्यासाठी म्हणून बाजूला काढलेली होती.

पुरावा म्हणून आत्याने मला तो मेसेज पाठवला. पंधरा दिवसांत तो माझ्याकडे चौथ्यांदा आला. मजकूर थोडक्यात असा: हापूस कापल्यावर आत पांढरा स्पंजासारखा भाग दिसला तर त्याला कार्बाइडचं इंजेक्शन दिलेलं आहे, असा आंबा खाल्ला की कॅन्सर, आपल्या आजोबांच्या काळात हे नव्हतं, कृषी विद्यापीठाच्या जीएम (म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेल्या) जातींमुळे हा रोग कोकणभर पसरला, आंबे बादलीत टाका, तरंगले तर केमिकलचे, सालीवर काळे डाग म्हणजे विष आत उतरलं. खाली हात जोडलेले आणि 'जनहितार्थ'.

आधी इंजेक्शन, कारण आत्या घाबरली ती त्याच शब्दाला. कार्बाइड पाहिलंय का कुणी? करडा, दगडासारखा खडा. गॅस वेल्डिंगवाले वापरतात. पाण्यात टाकला की फसफसतो, फळ पिकवणारा ॲसिटिलिन वायू निघून जातो आणि तळाला चुन्याचा गाळ उरतो. आता यातलं सिरिंजमध्ये भरायचं काय? खडा सुईत जात नाही, वायू हाताशी राहत नाही आणि चुन्याच्या गाळाने आंबा पिकत नाही. कार्बाइड वापरणारे लबाड (ते आहेत, त्यांच्याकडे येतोच) कागदाची पुडी बांधून पेटीत ठेवतात. आंब्यातून सुटणाऱ्या दमटपणावर त्यांचं काम भागतं. ट्रकभर आंब्यांना एकेक करून सुई टोचत बसायला माणसं लावली तर मजुरीत दिवाळं निघेल. आणि टोचलाच, तर त्या भोकातून चीक येईल आणि तिथूनच आंबा सडायला लागेल. आत्याच्या आंब्याची साल मात्र, तिच्याच शब्दांत, "अगदी पिवळीधमक, एक डाग नाही" अशी होती.

हीच तर साक्याची खोड आहे. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. वास तोच, रंग तोच. सुरी फिरवली की चांगल्या गरातून ती लोण्यातून जावी तशी जाते आणि बाठ्याच्या जवळ एकदम बुचात अडकल्यासारखी होते. तिथला गर फिकट, कोरडा, मध्ये हवेच्या पोकळ्या, चवीला आंबट. बाहेरून काही टोचलं असतं तर खराबी सालीकडून आत जाताना दिसली असती. साका कोयीच्या बाजूने सुरू होतो आणि बाहेर सरकतो. शिवाय एकाच आढीत, एकाच पेंढ्यावर पिकलेल्या बारा आंब्यांत एकाला साका आणि अकरा झकास, असं दरवर्षी होतं. पायरी किंवा केसर त्याच खोलीत पिकवा, त्यांच्यात हा प्रकार हापूससारखा सर्रास होत नाही. कार्बाइडला जात कळते का?

आता 'आजोबांच्या काळात नव्हतं'. यावर मला फार बोलायची गरज नाही, एक जुना अहवाल पुरेसा आहे. १९३२ आणि १९३३ मध्ये मुंबई इलाख्यातून युरोपला बोटीने आंबे पाठवून पाहिले होते. त्या प्रयोगाचा अहवाल चीमा आणि दाणी यांनी १९३४ मध्ये शेती खात्यासाठी लिहिला, आणि हापूसमधल्या या स्पंजासारख्या गराची नोंद त्यात आहे. चीमा म्हणजे पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळबागेत काम केलेले तेच चीमा, ज्यांच्या नावाने 'चीमा साहेबी' द्राक्ष ओळखलं जातं. म्हणजे ज्या आजोबांचे दाखले दिले जातात, ते स्वतः शाळेत जात होते तेव्हा हापूसला साका पडत होता. घरोघरी तो कापून बाजूला टाकायचे आणि उरलेला आंबा खायचे. मेसेज करायची सोय नव्हती, एवढाच फरक.

याच एका तारखेने पुढचा मुद्दाही कोसळतो. दापोलीचं कृषी विद्यापीठ स्थापन झालं १९७२ मध्ये. नोंद १९३४ ची. विद्यापीठाने रोग आणला कसा, टाइम मशीनने?

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त झोंबला, कारण तो खऱ्याच्या नेमका उलट आहे. याच विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांचा संकर करून 'रत्ना' ही जात काढली, १९८१ मध्ये ती शेतकऱ्यांसाठी आली. तिचं वैशिष्ट्यच हे की तिच्यात साका पडत नाही. म्हणजे ज्या लोकांनी वर्षानुवर्षं मोहरावर परागकण लावत, रोपं वाढवत, फळं कापत बसून साक्यावर उतारा शोधला, त्यांच्यावरच साका आणल्याचा आळ. आणि रत्ना जीएम नाही. एका जातीचा पराग दुसरीच्या फुलावर नेणं हे मधमाशीही करते. आपल्या देशात शेतकऱ्यांना व्यापारी लागवडीसाठी मिळालेलं जीएम पीक एकच, बीटी कापूस. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून १९९२ मध्ये 'सिंधू' आली, तिचा बाठा तर नावापुरता पातळ असतो.

मग साका पडतो कशाने? एक कारण उष्णता. तापलेल्या कातळावरून वर येणारी धग फळाला लागते. झाडाखाली गवताचं आच्छादन घातलं की साका कमी होतो, असं प्रयोगांत दिसलं. दुसरं काम बंगळुरूच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेचं. २००४ पासूनच्या त्यांच्या निबंधांत बोट थेट कोयीकडे दाखवलं आहे. आंब्याचं बी मुळात वाट पाहणारं नाही. हापूसमध्ये फळ झाडावर असतानाच ते आतल्या आत रुजण्याची तयारी सुरू करतं आणि शेजारच्या गरातलं पाणी आणि अन्न ओढायला लागतं. ओढून घेतलेला गर म्हणजे साका. बाठ्यापासूनच सुरुवात का होते, ते यावरून कळतं. यात बुरशी नाही, जंतू नाही. एका झाडाचा दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे 'कोकणभर पसरला' यालाही अर्थ नाही. हापूसचं प्रत्येक झाड म्हणजे आधीच्या हापूसवरची काडी घेऊन बांधलेलं कलम. मधुर चवीबरोबर ही खोडही वारशाने आली.

थोडं आमच्या लोकांनाही ऐकवतो. फळ झाडावर पूर्ण पिकत आलं की साका वाढतो, हे बागायतदाराला माहीत असतं. म्हणून चौदा आणे (सोळापैकी चौदा हिस्से) तयार झालं की देठ ठेवून झेल्याने, म्हणजे जाळीच्या काठीने, उतरवायचं, ऊन चढायच्या आत, आणि लगेच सावलीत न्यायचं. काही जण भर दुपारी काढतात आणि तापलेल्या जमिनीवर ढीग घालतात. त्यांच्या पेटीत साका जास्त निघाला तर गिऱ्हाइकाने ओरडायलाच हवं. पण ओरडताना साका म्हणून ओरडावं.

बादलीची चाचणी. इथे, नाइलाजाने, अर्धं माप मेसेजला द्यावं लागेल. आंबा तरंगला तर तो बहुधा कोवळा आहे. तयार फळ पाण्यापेक्षा जड असल्याने बुडतं. आणि कोवळी फळं घाईने बाजारात आणणाराच कार्बाइडची पुडी वापरतो, हेही खरं. पण बादली कोवळेपणा सांगते, केमिकल सांगत नाही. उलट बुडणारा, भरलेला हापूसच साक्याला जास्त बळी पडतो, म्हणजे त्यांची बादली त्यांच्याच स्पंजाविरुद्ध साक्ष देते.

कॅन्सर: कार्बाइडने फळं पिकवण्यावर बंदी आहे आणि ती योग्यच आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसची भेसळ असते. इथिलीन वायूने पिकवायला कायद्याने परवानगी आहे. साक्याचा या दोन्हींशी संबंध नाही. तो भाग कापून टाका, उरलेला खा. काळे डाग: बहुधा करपा. बुरशी आहे, गरम पाण्यात ठरावीक वेळ बुडवून आटोक्यात ठेवता येते. विषाबद्दल भांडायचंच असेल तर मोहरावर तुडतुड्यांसाठी होणाऱ्या फवारण्यांबद्दल भांडा. त्या होतात, माझा भाऊही करतो, आणि त्यावर आमचे वाद होतात.

हे सगळं मी आत्याला फोनवर सांगितलं. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे ते बाकीचे चांगले असतील रे?"

मी काही बोललो नाही. भावाला सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, या खेपेला तिला रत्ना पाठवतो, कटकट नको. मी निरोप दिला. पाच मिनिटांत आत्याचं उत्तर आलं:

"रत्ना नको. हापूसच पाठव म्हणावं. साका निघाला तर फोटो टाकते."