पेशी कळवायची कुणी?

विदर्भातल्या एखाद्या गावात मन सुन्न करणारा गुन्हा घडला की पुढचे आठ-पंधरा दिवस दोनच मागण्या ऐकू येतात : आरोपीला फाशी द्या आणि खटला फास्ट ट्रॅकवर चालवा. 2006 मध्ये खैरलांजीनंतर हेच झालं, 2020 मध्ये हिंगणघाटच्या जळीतकांडानंतरही हेच झालं. त्यानंतरच्या संतापातूनच शक्ती विधेयक पुढे आलं आणि डिसेंबर 2021 मध्ये विधिमंडळाने ते मंजूर केलं. बलात्काराच्या गंभीर प्रकरणांत फाशीची तरतूद त्यात होती, पण ते कायदा होऊ शकलं नाही. इंग्लंडमध्ये बसून या चर्चा ऐकताना एक उणीव फार टोचते. आरोपीचं काय करायचं यावर सगळे तावातावाने बोलतात. ज्याच्यावर गुन्हा घडला त्याला पुढची पेशी कोणत्या तारखेला आहे हे कुणी कळवायचं, यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

ही बाब किरकोळ वाटेल, पण पीडिताचे बाकीचे सगळे हक्क तिच्यावरच टांगलेले आहेत. तारीख कळली नाही तर जामिनाला विरोध करता येत नाही. दोषारोपपत्र दाखल झाल्याचं कळलं नाही तर वकील उभा करता येत नाही. आरोपी सुटल्याचं सहा महिन्यांनी कळलं तर अपिलाची धावपळ तिथूनच सुरू होते, आणि आधी उशीर का झाला हे समजावत बसावं लागतं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये पीडितांसाठी सरकारने काढलेली एक आचारसंहिता आहे. 1 एप्रिल 2021 पासून तिच्यात 12 हक्क मांडलेले आहेत. त्यात दिवस मोजून दिले आहेत : संशयिताला अटक झाली, सोडलं, जामिनाच्या अटी बदलल्या, तर पोलिसांनी 5 कामाच्या दिवसांत पीडिताला कळवायचं, पीडित लहान मूल असेल, गंभीर गुन्ह्यातला असेल किंवा दडपणाखाली असेल तर 1 कामाच्या दिवसात. खटला उभा राहिला की साक्षीदारांची काळजी घेणारा वेगळा विभाग तारखा कळवतो. साक्षीला येण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी ठरावीक मर्यादेपर्यंत सरकार देतं. खटला न चालवण्याचा निर्णय झाला तर पीडित त्याचा फेरविचार मागू शकतो.

इथलं सगळं उत्तम चाललंय असा याचा अर्थ कुणी काढू नये. 2024 च्या अखेरीस इथल्या क्राउन कोर्टांत, म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या कोर्टांत, 70,000 हून जास्त खटले तुंबलेले होते. आचारसंहिता मोडली म्हणून पोलिसांवर थेट दावाही लावता येत नाही. शिवाय इंग्लंडमधल्या पीडिताला कोर्टात स्वतःचा वकील उभा करून सरकारी बाजूला मदत करता येत नाही, आणि आरोपी निर्दोष सुटला तर त्याविरुद्ध अपीलही करता येत नाही. हे दोन्ही हक्क यवतमाळच्या किंवा गोंदियाच्या पीडिताला आहेत. 2008 च्या दुरुस्तीने ते फौजदारी प्रक्रिया संहितेत आले, 31 डिसेंबर 2009 पासून लागू झाले, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 18 आणि 413 मध्ये आहेत. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अपिलाला वेगळी परवानगी लागत नाही असं ठरवलं. 2022 मध्ये उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरी प्रकरणात जामिनावर निर्णय देताना तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे असंही सांगितलं. कागदावर आपला पीडित इंग्लंडच्या पीडितापेक्षा ताकदवान आहे. हे हक्क त्याच्या दारापर्यंत आणून पोचवणारा माणूस मात्र आपल्या व्यवस्थेत कुणी नेमलेला नाही. माझ्या मते आपला सगळा वाद इथे यायला हवा.

गळती ठाण्यातल्या पहिल्या तासापासूनच लागते. बीट जमादार साध्या कागदावर अर्ज घेतो, 'चौकशी करतो' म्हणतो आणि माणूस घरी परततो. अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे. एनसीची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची, पावतीही नव्हे. एफआयआरवर वर गुन्हा क्रमांक, वर्ष आणि कलमं असतात. ती प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला फुकट द्यायची असं नव्या संहितेचं कलम 173 सांगतं. घटना दुसऱ्या हद्दीतली आहे म्हणून परत पाठवता येत नाही. झिरो नंबरने नोंद करून पुढे पाठवायची असते. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत डीवायएसपींच्या (पोलीस उपअधीक्षकांच्या) परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करायची मुभा नव्या कायद्याने दिली आहे. त्या 14 दिवसांत गावात समझोत्याचा दबाव वाढतो, म्हणून पंधराव्या दिवशी लेखी विचारणा करणं फार गरजेचं. ठाणेदाराने नकारच दिला तर तक्रारीचा मजकूर रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवायचा आणि पोस्टाची पावती जपून ठेवायची. मग मॅजिस्ट्रेटकडे शपथपत्रासह अर्ज करायचा. मधली अधीक्षकांची पायरी गाळली तर तो अर्ज तिथेच अडकतो.

त्याच तासातली दुसरी चूक जास्त महागात पडते, आणि ती भाषेची असते. मेळघाटातली बाई कोरकूत सांगते, भामरागडची माडियात सांगते, भंडाऱ्याची झाडीबोलीत. ठाण्यातला रायटर ते पोलिसी मराठीत उतरवतो. 'तो मले वढत नेत होता' याचं 'सदर इसमाने फिर्यादीचा हात धरला' होतं. चार वर्षांनी उलटतपासणीत बचावाचा वकील नेमका हाच फरक पुढे करतो : बयाणात ओढल्याचा उल्लेख नाही, आता कुठून आलं? कोर्ट त्याला विसंगती म्हणतं आणि आरोपी सुटतो. एफआयआर सही किंवा अंगठ्याआधी वाचून दाखवली पाहिजे हे कायद्यातच आहे. वाचून दाखवल्यावर 'हे मी असं म्हटलं नव्हतं' म्हणायचा हक्क आहे आणि तो तिथल्या तिथे वापरायचा असतो. युरोपीय संघाच्या 2012 च्या पीडितविषयक निर्देशात दुभाष्याचा हक्क वेगळा लिहिला आहे. आपल्या ज्या तालुक्यांत लोक गोंडी, माडिया, कोरकू बोलतात, तिथे ठाण्याच्या भिंतीवर दुभाष्यांची यादी लावायला नवा कायदा लागत नाही.

नव्या संहितेच्या कलम 193 प्रमाणे तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं आहे. मोबाइलवर कळवलं तरी चालतं, आणि गडबड तिथेच होते. एफआयआरमधला नंबर पुष्कळदा पुतण्याचा किंवा शेजाऱ्याचा असतो, नाहीतर रिचार्ज न केल्याने बंद पडलेला. म्हणून दोन नंबर द्यावेत आणि नंबर बदलला की ठाण्यात लेखी देऊन पोच घ्यावी. पोलीस समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवत असतील तर ती कोणती हे आवर्जून विचारावं. 'ए' म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, 'बी' म्हणजे फिर्यादच खोटी. 'बी' आली तर फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं ऐकल्याशिवाय मॅजिस्ट्रेटने ती मान्य करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच सांगून ठेवलं आहे. 'ए' आली म्हणजे सगळं संपलं असं गावात मानतात, ते चूक. आरोपी सापडला नसला तरी कलम 396 खाली भरपाईचा अर्ज थेट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो.

भरपाईबद्दल आपल्याकडे इतकं कमी बोललं जातं की शिक्षा झाल्याशिवाय पैसे मिळत नाहीत असंच बहुतेकांना वाटतं. आरोपी निर्दोष सुटला तरी पीडिताच्या पुनर्वसनाची गरज असेल तर कोर्ट शिफारस करू शकतं. प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत संपवायची असते. तातडीचे उपचार हवे असतील तर ठाणेदाराच्या किंवा मॅजिस्ट्रेटच्या दाखल्यावर अंतरिम मदत मिळू शकते. बलात्कार, बालकांवरचा लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांसाठी राज्याची मनोधैर्य योजना 2 ऑक्टोबर 2013 पासून आहे. 2017 च्या अखेरीस झालेल्या सुधारणेनंतर तिची कमाल रक्कम 10 लाख झाली. अर्जासोबत एफआयआर, वैद्यकीय किंवा शवविच्छेदन अहवाल, आधार आणि बँक पासबुक लागतं. पासबुकावरचं नाव आणि एफआयआरमधलं नाव जुळत नाही, एवढ्यावरून प्रकरण परत येतं. ते दुरुस्त करायला पुन्हा जिल्ह्याला जावं लागतं : धारणीच्या माणसाला अमरावती, सिरोंचाच्या माणसाला गडचिरोली. एका खेपेला दोन दिवसांची रोजी जाते. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे. तालुका विधी सेवा समितीच्या खोलीत हा अर्ज घेऊन पुढे पाठवला तर या खेपा वाचतील.

इंग्लंडच्या भरपाई योजनेत घटनेपासून 2 वर्षांत अर्ज करावा लागतो, सर्वांत लहान रक्कम 1,000 पौंड आहे, आणि खुनात जवळचा माणूस गेला तर एकच पात्र नातेवाईक असल्यास 11,000 पौंड, जास्त असल्यास प्रत्येकी 5,500. अर्जदारावर स्वतः जुनी शिक्षा असेल तर नकारही मिळतो. आपल्या अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या 2016 च्या नियमांत खुनाला सव्वाआठ लाख रुपये आहेत : निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर. रुपयांची आणि पौंडांची तुलना केली तर ही रक्कम लाजिरवाणी नाही.

खरं तर हाच कायदा आपल्यासाठी नमुना आहे. 2015 च्या दुरुस्तीने आलेलं आणि 26 जानेवारी 2016 पासून लागू असलेलं कलम 15ए म्हणतं की जामिनासह प्रत्येक कार्यवाहीची वेळेवर आणि अचूक सूचना पीडिताला मिळाली पाहिजे. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधनकारक असल्याचं सांगितलं. नियम 11 मध्ये साक्षीला येण्याचं खरं भाडं, आणि शेतमजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी नाही इतका दैनिक भत्ता, तोही जास्तीत जास्त तीन दिवसांत द्यायचा, असं लिहिलं आहे. हा नियम ज्याने लिहिला त्याला कापूस वेचणीच्या दिवसांत कोर्टात जाणं म्हणजे काय हे ठाऊक असावं. सूचना आणि भत्ता हे दोन हक्क सगळ्याच गंभीर गुन्ह्यांतल्या पीडितांना का नसावेत? गावागावांतून होणाऱ्या आंदोलनांनी ही मागणी निवेदनात पहिल्या क्रमांकावर लिहावी.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही पहिला मुद्दा माहितीचाच होता. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 29 नोव्हेंबर 1985 ला पीडितांच्या न्यायाची मूलतत्त्वं जाहीर केली. आरोपी सापडो न सापडो, पीडित हा पीडितच, असं त्यात आहे, आणि त्याला प्रकरणाची प्रगती कळवावी हेही. आपल्या कायद्यातल्या पीडिताच्या जुन्या व्याख्येत आरोपीवर दोषारोप असणं ही अट होती. ती 2024 मध्ये गेली, म्हणजे 39 वर्षांनी. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात पीडितांना आपलं म्हणणं मांडता येतं आणि भरपाई मागता येते. भारत त्याचा सदस्य नाही. पैशाचा प्रश्न तिथेही सुटलेला नाही : युगांडाचा बंडखोर कमांडर ऑन्ग्वेन याच्या खटल्यात फेब्रुवारी 2024 मध्ये 5 कोटी युरोंहून जास्त भरपाई मंजूर झाली, सुमारे 50,000 पीडितांचे प्रत्येकी 750 युरो त्यातच आले, पण दोषीकडे दमडी नाही, आणि पीडितांसाठीच्या निधीला देणगीदार शोधावे लागत आहेत.

गावात हे काम कोण करू शकेल? पोलीस पाटील हे पद 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाखालचं आहे आणि ठाण्याशी त्याचं रोजचं येणं-जाणं असतं. एक पानाचा कागद : गुन्हा क्रमांक, कोर्टाचं नाव, पुढची पेशी, पैरवी अधिकाऱ्याचं (खटल्याचं कोर्टातलं काम बघणाऱ्या पोलिसाचं) नाव आणि नंबर. तो 5 दिवसांत पीडिताच्या हातात, पोच घेऊन. पॉक्सोच्या, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, 2020 च्या नियमांत मुलाला आणि पालकांना हक्क सांगणारा 'नमुना अ' आधीच आहे, तोच सगळ्यांसाठी वाढवता येईल. पण पोलीस पाटील कधी आरोपीच्याच भावकीतला असतो. म्हणून कागद कुणाच्या हातून हवा हे पीडितालाच विचारावं. आशाताई, शिक्षिका किंवा थेट ठाणं. तंटामुक्ती समितीकडे मात्र हे काम देऊ नये. 2007 पासून त्या मोहिमेने बांधावरची भांडणं मिटवली हे खरं आहे, पण बलात्कार, पॉक्सो किंवा अत्याचाराच्या प्रकरणात आपसात मिटवण्याची सोयच कायद्यात नाही. तिथे समितीसमोर बसवणं म्हणजे पीडितावर दबाव आणणंच.

परदेशात राहणाऱ्या वैदर्भीयांना यात एक काम आजच करता येईल. प्रत्येक खटल्याला 16 अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक असतो. घरच्यांकडून तो मागून घ्या आणि ई-कोर्टस्च्या ॲपमध्ये टाका. पुढची पेशी दिसते. प्रत्येक पेशीनंतर रात्री एकदा बघायचं आणि गावी फोन करायचा. पुढची पेशी वेचणीच्या किंवा धान कापणीच्या दिवसांत असेल तर किमान आठ दिवस आधी आठवण द्या, म्हणजे घरच्यांना बदली मजूर बघता येईल आणि सकाळच्या पहिल्या एसटीने निघता येईल.